एक वाजताचा ‘उ’

ऐंशीच्या दशकात मी मुलुंडला एका औषध कंपनीच्या संशोधन विभागात नोकरीला होते, आणि माझं काम होतं उंदरांची झोप मोजणं. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. लग्नाच्या आधी मुलगा बघायला आला तेव्हा त्याच्या काकांनी विचारलं होतं, ‘म्हणजे नक्की काय करता?’ मी हेच उत्तर दिलं आणि त्यांना वाटलं, मुलीला हे लग्न करायचं नाही.

काम साधं होतं. औषध अंगात गेलं की ते आपलं काम करतं, आणि मग कुणाला तरी ते निस्तरावं लागतं. हे निस्तरण्याचं काम लिव्हर करतं. एखाद्या उंदराला झोपेचं इंजेक्शन दिलं, की त्याचं लिव्हर ते औषध मोडून काढेपर्यंत तो झोपतो. लवकर उठला तर लिव्हर चटपटीत, उशिरा उठला तर लिव्हर मंद. रक्त काढायला नको, मोठी यंत्रं नकोत. भिंतीवर एक घड्याळ असलं की पुरे.

झोपलाय की जागा आहे हे ओळखायची पद्धतही साधी. उंदराला उताणं करायचं. उताणं राहणं कुठल्याच जनावराला सोसत नाही. जागा असेल तर तो हात सोडायच्या आत पालथा होतो. झोपलेला तसाच पडून राहतो, पाय वर, गुलाबी पोट दिसतंय, पोट हलतंय. लागोपाठ तीनदा उताणा केला आणि तिन्ही वेळा सरळ झाला, की तो उठला असं धरायचं आणि वेळ लिहायची.

आमचे साहेब पुण्याचे, नाकासमोर चालणारे, रागावले तरी अहो-जाहो करणारे. त्यांच्या डोक्यात एक प्रश्न होता. मोठ्या जनावराला जबर मार लागला की त्याचं लिव्हर काही दिवस औषध नीट मोडत नाही, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. मग लहान पिल्लांचं काय? पिल्लांचं लिव्हर आधीच कच्चं असतं. त्यात मार लागला तर? ‘हॉस्पिटलात पडलेल्या लहान मुलाला औषध किती द्यायचं, हा प्रश्न आहे हा,’ साहेब म्हणायचे. मला तो प्रश्न आवडला होता. माझी स्वतःची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती.

पिल्लांना मार द्यायचं काम माझं होतं. आईपासून नुकतीच तोडलेली पिल्लं, मुठीत मावणारी. इथर हुंगवून त्यांना गुंगी आणायची, मागचा एक पाय लाकडी ठोकळ्यावर ठेवायचा आणि एका नळीतून मांडीवर वजन सोडायचं. हाड मोडायचं नाही, पण आतलं मांस ठेचलं गेलं पाहिजे, असं ते बेतलेलं वजन. पहिल्या दिवशी मी डबा खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी पोळी खाल्ली, भाजी ठेवली. तिसऱ्या दिवशी सगळा डबा खाल्ला, वर मैत्रिणीच्या डब्यातलं लोणचं मागून घेतलं. मन घट्ट करावं लागतं असं लोकांना वाटतं. काही करावं लागत नाही. ते आपोआप बधिर होतं, बसून बसून पाय होतो तसं.

मार दिल्याच्या दुसऱ्या दिवशी झोपेचं इंजेक्शन. तेही मीच द्यायची. त्यानंतर मी वर लॅबमध्ये जायची आणि पिल्लांवर लक्ष ठेवायचे ते मामा.

मामा म्हणजे आमच्या अॅनिमल हाउसचे माणूस. पन्नाशीचे, मालवणकडचे, आयुष्याची पंचवीस वर्षं गिरणीत काढलेले. गिरणी बंद पडल्यावर कुणाच्या तरी ओळखीने आमच्याकडे लागले होते. त्यांच्या आधी तिथे एक दुसरे गृहस्थ होते, ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी हे आले. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, खाणं घालणं, हे मामा असं करायचे की वास म्हणून येत नसे. पिल्लांना ते ‘बाबू’ म्हणायचे. सगळ्याच पिल्लांना. आणि घड्याळापेक्षा त्यांचा भरवसा भोंग्यावर होता. आमच्या कंपनीचाही भोंगा होता. एकला जेवणाचा, पावणेपाचला सुटण्याचा.

झोपेच्या नोंदीचा कागद मराठीतच असे. पिल्लाचा नंबर, इंजेक्शनची वेळ, आडवा पडला ती वेळ आणि उठला ती वेळ. आधीचे गृहस्थ उठल्याची वेळ लिहून पुढे ‘उ’ काढायचे. १२-२० उ. १२-३५ उ. उ म्हणजे उठला. मी दहा वर्षं तसे कागद वाचत होते. मामांच्या कागदांवर काही ओळींत नुसती वेळ असायची, काही ओळींत वेळेपुढे उ असायचा. मला वाटलं, नवीन माणूस आहे, कधी लिहितो, कधी विसरतो. वेळ कळल्याशी मतलब.

दुसरी एक गोष्ट मात्र माझ्या नजरेत आली होती. मार लागलेल्या पिल्लांच्या कागदावर ‘१-०० उ’ फार वेळा यायचं. जवळजवळ प्रत्येक ओळीत. तुलनेसाठी मार न देता ठेवलेली धडधाकट पिल्लं साडेबारा, बाराचाळीस, बारापन्नास अशी उठायची, आणि ही लंगडी सगळी बरोबर एकला. मी खाली जाऊन मामांना चिडवलंसुद्धा.

‘काय मामा, तुमचं घड्याळ एकला बंद पडतं वाटतं?’

मामा खळखळून हसले. ‘एकाक भोंगो होता गे बाय. मगे माका डबो नको?’

मीही हसले. मी समजले ते असं, की मामा गिरणीचे माणूस, भोंगा जवळ आला की मिनिटं मोजत बसत नाहीत, बारापन्नासच्या पुढचं काय असेल ते एकला नेऊन लावतात. पाच-दहा मिनिटं इकडे-तिकडे. त्यांना नीट लिहायला सांगितलं पाहिजे, असं मनात आलं. सांगितलं नाही. माणूस चांगला होता, नवीन होता, आणि माझा जेवणाचा भोंगाही तोच होता.

हिशेब मांडल्यावर दोन्ही गटांत फरक उरला तो अगदी किरकोळ. मी साहेबांना सांगितलं, पिल्लांमध्ये मार लागल्याने लिव्हरच्या कामावर फरक पडत नाही. साहेबांना नवल वाटलं, पण आकडे आकडे असतात. लिव्हर काढून, बर्फात वाटून, आतलं काम थेट तपासायचं ठरलेलं होतं, ते मग राहिलंच. झोपेतच फरक नाही तर आत कशाला बघा. रिपोर्ट मी लिहिला. माझा पहिला स्वतंत्र रिपोर्ट. मला अभिमान वाटला होता, हे इथे लिहून ठेवते.

त्यानंतर दोन महिन्यांनी, एका मंगळवारी, शाळेतून घरी येताना माझ्या मुलीला टेम्पोने उडवलं.

उडवलं हा शब्द मोठा आहे. आम्ही घाटकोपरला पूर्वेला राहायचो, आमच्या गल्लीत एक टेम्पो मागे येत होता, आणि ती त्याच्या मागून चालली होती. धक्क्याने ती पडली आणि मागचं चाक तिच्या मांडीवर टेकलं. डोक्याला काही नाही, पोटाला काही नाही. उजव्या मांडीचं हाड मोडलं आणि मांस ठेचलं गेलं. मी कंपनीच्या बसमधून उतरले तेव्हा शेजारीण रस्त्यावरच उभी होती. हॉस्पिटलात पोचले तर मुलीचा पाय वर टांगलेला, पायाला दोरी, दोरीला वजन. मी त्या वजनाकडे बघत राहिले. लोकांनी सांगितलं की आई किती धीराची, डोळ्यांतून टिपूस नाही. तो धीर नव्हता. मला काहीच वाटत नव्हतं.

मुलीला तिसऱ्या वर्षापासून फिट्स यायच्या. सकाळ-संध्याकाळ गोळी चालू होती, आणि गोळी चालू असली की फिट येत नसे. ती गोळी आमच्या झोपेच्या इंजेक्शनच्याच कुळातली. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातले डॉक्टर आले. वयाने लहान, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, बहुतेक दोन दिवस घरी गेले नसावेत. केसपेपर चाळता चाळता त्यांनी विचारलं, ‘मॅडम, तुम्ही औषधातल्या ना? ही फिट्सची गोळी तशीच चालू ठेवू? आपण दुखण्यासाठी इंजेक्शन देतोय, रात्रीचं झोपेचं सिरपही आहे. मार लागल्यावर औषधं साठतात असं कुठेतरी वाचलंय मी. कमी करू का?’

मी म्हणाले, ‘लहानांमध्ये फरक पडत नाही. आम्ही पिल्लांवर करून बघितलंय. रिपोर्ट माझाच आहे. फुल डोस चालू ठेवा.’

हे मी का म्हणाले, त्याची दोन कारणं आहेत. एक तर मला फिटची भीती होती. टांगलेला पाय आणि त्यात फिट आली तर हाडाचं काय होईल हे डोळ्यांसमोर आणायलाही नको वाटत होतं. आणि दुसरं, डॉक्टरला विचारावं तसं कुणीतरी मला विचारत होतं. आमच्या घरात, सासरी, कंपनीतसुद्धा, मला कुणी असं विचारलेलं नव्हतं. डॉक्टरांनी मान हलवली आणि केसपेपरवर लिहिलं.

बुधवारी मुलगी बोलत होती. गुरुवारी कमी बोलली. शुक्रवारी हाक मारली की डोळे उघडायची, परत मिटायची. शनिवारी डोळे उघडले ते अर्धेच, आणि ओठांना पाणी लावलं तर गिळायला वेळ लागला. डोक्याचा फोटो काढला, त्यात काही नव्हतं. मोठे डॉक्टर म्हणाले, दुखण्याने पोर थकलीय, झोपू द्या, झोप चांगली असते. नवरा पलंगाच्या पायथ्याशी बसून होता. त्याने मला विचारलं, ‘हे असं झोपणं बरोबर आहे ना गं?’ मी म्हणाले, ‘हो.’

तिचा श्वास मी मोजत होते. मोजणं मला येतं. श्वास संथ होत चालला होता, तेही मला दिसत होतं. पण आत कुठे काही हलत नव्हतं. पोटच्या पोरीकडे मी पिंजऱ्यातल्या पिल्लाकडे बघावं तशी बघत होते, आणि हे मला कळत होतं, आणि कळूनही फरक पडत नव्हता. या गोष्टीची लाज मला आजही वाटते. चुकीपेक्षा जास्त.

रविवारी चार वाजता, भेटायच्या वेळेला, मामा आले. मुलुंडहून खास. धुतलेला सदरा, हातात दोन शहाळी. नवरा चहा प्यायला खाली गेला होता. मामा पलंगाशी उभे राहिले, हात जोडावेत तसे शहाळी धरून. बराच वेळ मुलीकडे बघत होते.

‘बाय, ह्या असा कधीपासून निजलाहा?’

‘कालपासून जास्त.’

‘आमची लंगडी पिल्लां निजतत तशीच निजलीहा गे. तीय अशीच. दुपारभर उताणी.’

मी म्हणाले, ‘दुपारभर कुठे? एकला उठायची ना सगळी.’

‘एकाक?’ मामा माझ्याकडे वळले. ‘एकाक खंय उठली? एकाक तर उताणीच होती. म्हणान तर उ लिवलंय.’

‘उ म्हणजे उठला, मामा.’

‘नाय गे. उ म्हंजे उताणो. उठलो तर मी नुसतो टाइम लिवतंय. उठलो तो उठलो, त्येका उ कित्याक? एकाचो भोंगो झालो, मी डब्याक जातंय, जाताना बघतंय कोण कोण उताणो हा, त्येच्याम्होरा उ.’

‘मग ती उठायची कधी?’

‘सांच्याक. काय चार वाजता, काय बस सुटाच्या वक्ताक. एक-दोन तर दुसऱ्या दिसाक. तू तर कधी इचारलंय नाय.’

मी विचारलं नव्हतं, हे खरं होतं. एकाच भोंग्याला सगळी पिल्लं कशी उठतील, हे शाळेतलं पोर विचारेल. मी विनोद केला होता, प्रश्न केला नव्हता. मामांना तो विनोदच वाटला, आणि त्यांचं उत्तर मला विनोद वाटलं.

पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मी धावले नाही. चालत नर्सच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, डॉक्टरांना बोलवा. नर्स म्हणाली, रविवार आहे, राउंड झाला. मी म्हणाले, ‘बोलवा म्हणते ना.’ माझा आवाज कसा होता माहीत नाही, पण तिने फोन उचलला. तेच तरुण डॉक्टर आले, बनियनवर एप्रन चढवत. मी त्यांना सांगितलं, ‘मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. पिल्लांमध्ये फरक पडतो. फार पडतो. हिची औषधं साठलीत.’

त्यांनी विचारलं, ‘तुम्ही म्हणालात करून बघितलंय.’

‘बघितलं. वाचताना चुकले.’

त्यांनी मुलीच्या पापण्या उघडून बघितल्या, छाती तपासली, नाडी धरून घड्याळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, दुखण्याचं इंजेक्शन आणि सिरप आत्ता बंद. गोळीचं काय करायचं? गोळी बंद केली आणि फिट आली तर? चालू ठेवली आणि श्वास आणखी मंदावला तर? ते मोठ्याने विचार करत होते, माझ्याकडे बघून. या वेळी मी तोंड उघडलं नाही. त्यांनी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला, आणि ठरलं ते असं, की आजची संध्याकाळची आणि उद्याची सकाळची गोळी द्यायची नाही, ऑक्सिजन तयार ठेवायचा, आणि सतत कुणीतरी जवळ बसायचं.

मामा तोवर कोपऱ्यातच उभे होते. शहाळी त्यांनी खिडकीत ठेवली होती. जाताना मला म्हणाले, ‘बाय, माका नीट लिवाक होया होता.’ मी म्हणाले, ‘तुमची चूक नाही, मामा.’ ते ऐकून त्यांचे डोळे भरून आले. माझे भरले नाहीत. मी परत येऊन स्टुलावर बसले.

जवळजवळ दोन दिवस आम्ही बसलो. नवरा आणि मी, आळीपाळीने, पण खरं तर दोघंही. फिट आली नाही. सोमवारी श्वास जरा भरून यायला लागला. मी तिचा हात उचलून सोडायची, हात पडायचा. परत थोड्या वेळाने उचलून सोडायची. नवरा एकदा चिडला, ‘काय लावलंयस हे? झोपू दे की तिला!’ मी त्याला सांगितलं नाही की मला दुसरी पद्धत येत नाही.

मंगळवारी दुपारी मी हात उचलला आणि सोडला, तर तो पडला नाही. तिने तो माझ्या हातातून ओढून घेतला. मग डोळे उघडले, टांगलेल्या पायाकडे बघितलं आणि म्हणाली, ‘हे वजन काढ ना.’ नवरा रडायला लागला. शेजारच्या पलंगावरची म्हातारी देवाचं नाव घ्यायला लागली. आणि मी, सांगायला लाज वाटते, मी सगळ्यात आधी घड्याळ बघितलं.

संध्याकाळी तरुण डॉक्टर आले तेव्हा बरेच हलके झाले होते. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘मिसेसनी वेळेवर ओळखलं म्हणून. आम्हाला लक्षात यायला आणखी एखादा दिवस गेला असता. औषधातल्या आहेत ना, कळलं त्यांना.’ मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. केसपेपरवर बुधवारी त्यांनी लिहिलेली ओळ होती, आणि ती कुणाच्या सांगण्यावरून लिहिली हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. मला वाचवत होते की स्वतःला, हे मी ठरवू शकले नाही. दोघांनाही सोयीचं होतं. मी गप्प बसले.

पंधरा दिवसांनी कामावर गेले आणि साहेबांना सगळं सांगितलं. उ चं सांगितलं, भोंग्याचं सांगितलं. साहेब बराच वेळ कागद उलटसुलट करत बसले. ‘यात मामांची चूक म्हणावी का?’ त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. मामांनी जे बघितलं तेच लिहिलं होतं. साहेब म्हणाले, मग सगळं पुन्हा करावं लागेल. नवीन पिल्लं. या वेळी शेवटचं पिल्लू उठेपर्यंत तिथेच बसायचं आणि नंतर लिव्हर काढायची.

सगळं पुन्हा म्हणजे मारही पुन्हा. मी नळीतून वजन सोडलं, एकेका पिल्लाच्या मांडीवर, मागच्याइतकीच पिल्लं, मागचंच वजन. माझा हात कापला नाही. कापेल असं मला वाटलं होतं. कापला असता तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी इंजेक्शन देऊन मी मामांच्या शेजारी बाकावर बसले. धडधाकट पिल्लं पहिल्यासारखीच उठली. एकचा भोंगा झाला. मामांनी डबा आणून तिथेच उघडला, मला अर्धी भाकरी दिली. समोर लंगडी पिल्लं एका रांगेत उताणी होती. दोन वाजले, तीन वाजले. ‘उठ रे बाबू,’ मामा मधूनमधून म्हणायचे. चारच्या सुमाराला पहिलं हललं. पावणेपाचच्या भोंग्यानंतर आणखी काही उठली. एक उठलंच नाही. मी त्याच्या नंबरापुढे ते लिहिलं, पूर्ण शब्द लिहिला, आणि पिल्लू वेगळं ठेवलं.

लिव्हर काढून तपासली तेव्हा आतूनही तेच निघालं. मार लागलेल्यांचं काम निम्म्यावर आलेलं. साहेब खूश झाले, म्हणाले, आता हा खरा रिपोर्ट. तो बाहेर गेला, पुढे त्यावर आणखी काम झालं, साहेबांना बोलावणी आली. आभाराच्या ओळीत माझं नाव होतं. मामांचं घालायला मी सांगितलं होतं, ते घातलं नाही.

मुलीचा पाय जुळला. किंचित आखूड राहिला, बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. घरात मात्र ती गोष्ट नवऱ्याने डॉक्टरांच्या तोंडून ऐकली तशीच रुजली. लग्नकार्यात, बारशात, पाहुणे आले की तो सांगायचा, ‘मोठमोठे डॉक्टर झोपू द्या म्हणत होते. हिने ओळखलं. हिने पोरीला परत आणलं.’ सासूबाई, ज्यांना माझी नोकरी कधी आवडली नाही, त्यासुद्धा ते चारचौघांत सांगायच्या. प्रत्येक वेळी मी ‘तसं काही नाही’ म्हणायचे, आणि प्रत्येक वेळी तो माझा मोठेपणा धरला जायचा. पहिल्या महिन्यात सांगता आलं असतं. मग पहिल्या वर्षात. मग नवरा गेला, आणि ज्याला सांगायचं तोच उरला नाही.

मुलगी आता बोरिवलीला असते. मागच्या वर्षी तिचा धाकटा खेळताना पडला, हात मोडला. प्लास्टर घातलं, दुखण्याचं औषध दिलं, वर सर्दीचं काहीतरी चालूच होतं. तिने दुपारी फोन केला. ‘आई, दोन्ही एकदम देऊ ना? तो फार झोपतोय गं. किती देऊ सांग.’

मी म्हणाले, ‘डॉक्टरांना विचार. आत्ता, लगेच विचार.’

‘डॉक्टर राहू दे, तू सांग ना. तूच तर वाचवलंस मला. तुझ्याएवढं कुणाला कळणार?’

फोनवर मागे पोराचा श्वास ऐकू येतोय का, म्हणून मी कान लावला. ऐकू आला नाही. मग म्हणाले, ‘मला माहीत नाही गं.’ आई कधी असं बोलल्याचं तिला आठवत नसणार. मग म्हणाली, बरं, डॉक्टरांना लावते, आणि फोन ठेवला. मी तिथेच बसून राहिले. एवढंच वाक्य होतं, आणि ते मला त्या बुधवारी सकाळी म्हणता आलं असतं.